निंबर्गीसरांचा हात

खंडेनवमीला पूजेतल्या यंत्राला हात लावायचा नाही, हा आमच्या शालनआत्याचा नियम. शिलाई मशीन, स्कूटर, मिक्सर, सगळ्यांना त्या दिवशी सुट्टी. मी आदल्या दिवशी आणलेला जुना डेस्कटॉपही पूजेत होता. म्हणून मी तिला सांगितलं की मी तो वापरणार नाहीये, फक्त चालू होतो का बघणार आहे. पेशंटची नाडी बघणं म्हणजे त्याला कामाला लावणं नव्हे. तिला हे पटलं नाही, पण शेगडीवर पुरण होतं, त्यामुळे वादाला वेळ नव्हता.

पूजा तिने मनापासून केली होती. डब्याला झेंडूची माळ, कीबोर्डच्या चारी कोपऱ्यांना हळद, आणि मॉनिटरच्या वरच्या कडेला मधोमध जो बारीक गोल ठिपका असतो, त्यावर बोटभर ओलं कुंकू.

"तो कॅमेरा आहे, आत्या."

"मग काय झालं? कपाळ तिथंच असतंय."

मी प्लग लावायला खाली वाकलो.

डेस्कटॉप अत्तारभाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानातून आणला होता. त्यांनी विचारलं होतं, "डिस्क जुनीच हाय आत. पुसून देऊ?" मी विचारलं, किती वेळ लागेल. ते म्हणाले, "संध्याकाळ हुईल. अन् पुसल्यावर चालंलच असं नाय." मी म्हणालो, "राहू द्या, घरी पुसतो." ज्या वाक्यांनी माणसाची वाट लागते ती वाक्यं बोलताना अजिबात भारदस्त वाटत नाहीत.

आता थोडं मागे जायला हवं, नाहीतर मी एवढा का घाबरलो ते कळणार नाही.

आधी आवाज गेला. म्हणजे आवाजावरचा विश्वास. कुणाचाही आवाज, कुणाचाही चेहरा, चहा उकळेपर्यंत तयार करून मिळायला लागला. आमच्या बार्शीत एकाने सासऱ्याच्या आवाजात सासऱ्याची जमीन स्वतःला बक्षीस देऊन टाकली. सासरा समोर बसून ऐकत होता आणि त्याला स्वतःचं बोलणं पटतही होतं. शेवटी सरकारने जाहीर केलं की बोललेलं आणि दिसलेलं यापुढे काहीच ग्राह्य नाही. मग उरली बोटं.

टाईप करताना प्रत्येक माणूस कळ किती वेळ दाबून धरतो, आणि एका कळीवरून दुसरीवर जायला किती वेळ घेतो, हे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजलं तर प्रत्येकाची चाल वेगळी निघते. अंधारात जिन्यावरच्या पावलांवरून बाप आला की काका हे ओळखू येतं, तसंच. ही चाल नक्कल करायला फार अवघड, कारण ती माणसाला स्वतःलाही ठाऊक नसते. तेव्हापासून सही म्हणजे बोटांची चाल. खरेदीखत, साक्ष, संमती, सगळं टाईप करायचं.

आणि ते तपासायला प्रत्येकाचा एक मुखत्यार. हा एक प्रोग्रॅम. वर्षानुवर्षं तुमचं टंकलेखन वाचून तो तुमचा एक पुतळा मनाशी बनवतो: तुम्ही कसे बोलता, कशावर अडता, काय कधीच म्हणणार नाही. तो तुमच्या वतीने काही ठरवत नाही. तुम्ही एखादं उत्तर दिलं की फक्त एवढंच सांगतो की हे उत्तर याच माणसाचं आहे आणि तो भानावर आहे; शंभरपैकी किती भानावर, तो आकडा म्हणजे भानांक. कायद्याने तो घरच्या डिस्कवरच राहतो. त्याची प्रत निघत नाही, तो नेटवरून कुठे जात नाही; इस्पितळाच्या, कचेरीच्या नोटिसा मात्र त्याच्याकडे येतात आणि त्याचा निकाल तिकडे जातो. दुसऱ्याच्या मुखत्याराला त्याच्या नावाने उत्तर दिलं तर सात वर्षं. जुन्या डिस्कवर एखादा जिवंत सापडला तर ताबडतोब पुसायचा.

यामुळे टंकलेखनाच्या क्लासना पुन्हा दिवस आले. मीही त्यातलाच. मराठी तीस, मराठी चाळीस, दोन्ही परीक्षा पास होऊन पुण्यात प्रतिज्ञापत्रं बडवत होतो, आणि आठवड्यापूर्वी गावात स्वतःचं बस्तान बसवायला परत आलो होतो. त्यासाठीच हा डेस्कटॉप.

तर मी बटण दाबलं. पंख्याने खोकला काढला, झेंडूची एक पाकळी आत ओढली गेली, आणि पडद्यावर अक्षरं आली.

*नमस्कार. तीन आठवड्यांनी आलात. कॅमेऱ्यासमोर काहीतरी लाल आहे. आजच्या दिवसापुरती सवलत देत आहे. बोटांवरून ओळखतो. एक ओळ टाईप करा.*

पुसायचा पर्याय शोधायला आधी आत शिरणं भाग होतं. नाहीतर अनोळखी बोटं म्हणून तो मला हाकलेल आणि मग सरळ पुसता येईल, असा माझा हिशोब. मी टाईप केलं: *मी मजेत आहे, तू कसा आहेस?*

*ओळख पटली. सत्त्याण्णव टक्के.*

हे व्हायला नको होतं. पृथ्वीवरच्या कुणाही दोन माणसांची चाल साठ टक्क्यांच्या वर जुळत नाही, असं सरकारी पत्रकात छापलेलं आहे, वर अशोकस्तंभासकट. मला वाटलं, यंत्र बिघडलंय. आणि बिघडलेल्या यंत्राशी माणूस कसा वागतो तसा मी वागलो, म्हणजे चेष्टेने.

*आपले वय?*

*चोवीस.*

*आपण आत्ता कुठे आहात?*

*आत्याच्या स्वयंपाकघरात. पुरणाची वाट बघतोय.*

*आपल्या पत्नीचे नाव?*

*शोध चालू आहे.*

*आपल्याला बोलता येते का?*

*बोलल्याशिवाय मला एक दिवस काढता येत नाही. घरचे वैतागलेत.*

बराच वेळ नुसता पंखा फिरत राहिला. मग आलं:

*घाबरू नका. पक्षाघातानंतर असा संभ्रम होतो. आपला भानांक एक्क्याऐंशी होता, तो आता चव्वेचाळीस आहे. साठच्या खाली असल्यास शस्त्रक्रियेचा निर्णय आज सायंकाळी पाच वाजता आपले चिरंजीव अभिराम यांच्याकडे वर्ग होईल.*

मी घाईने टाईप केलं: *मी तो नाही. माझं नाव पुष्कर ढवण. मी हा कॉम्प्युटर विकत घेतलाय.*

*स्वतःच्या ओळखीबाबत संभ्रम. नोंद घेतली. भानांक एकोणचाळीस.*

मी कीबोर्डवरून हात उचलले आणि काखेत धरले.

"आत्या, अभिराम नावाचा मुलगा कुणाचा गं गावात?"

"निंबर्गीसरांचा की. पुण्याला असतोय." ती चुलत्याची बातमी सांगावी तशी पुढे म्हणाली, "सर आडवे झालेत ना. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तुला फोनवर सांगितलं होतं."

"मी काय म्हणालो होतो?"

"हं म्हणालास."

आता सगळं जुळलं, आणि जुळलं नसतं तर बरं झालं असतं.

निंबर्गीसरांच्या टंकलेखन वर्गात मी शिकलो. सरांची डावी अनामिका लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात अर्धी गेली होती. त्या बोटाच्या कळा ते मधल्या बोटाने मारायचे, आणि मारण्याआधी किंचित थांबायचे, जसं उंबऱ्याशी आल्यावर आपण पाय उचलतो. आम्ही पुस्तकापेक्षा सरांचे हात बघून शिकलो. त्यामुळे शाबूत अनामिका असूनही आम्ही सगळे ती हवेत धरून, तिथे किंचित थांबून, मधल्या बोटाने मारतो. सर टेबलावर लाकडी पट्टीने ठेका द्यायचे आणि आम्ही त्या ठेक्यावर बडवायचो. गावातल्या निम्म्या कारकुनांचा हात एकच आहे. सरकारने पृथ्वी तपासली, पण निंबर्गीसरांचा क्लास तपासला नाही.

उरलेलं आत्याकडून आणि पडद्यावरच्या नोंदीतून कळलं. सरांना समजतं सगळं, फक्त बोलण्याची जागा मेंदूत मेली आहे. त्या मेलेल्या जागेवरून एक बारीक जाळी टाकतात. बोलायची इच्छा जिथे उठते तिथून जीभ हलवणाऱ्या जागेपर्यंत ती निरोप पोचवते. डॉक्टर त्याला पूल म्हणतात. पूल लवकर टाकला तरच उपयोग, नंतर जीभ निरोप घ्यायचं विसरते. पुण्याचं पथक आज आलंय, परत येणार नाही. पूल टाकलेल्या पाचांतला एक डोळे उघडत नाही. सरांनी मान हलवून उपयोग नव्हता. मान हलवणं म्हणजे होकार नव्हे, हे कायद्याने मान्य केलंय. आमच्या घराण्यात ते आधीपासूनच मान्य होतं. मुखत्याराने भान तपासून दिलं तरच संमती. आणि सरांचा मुखत्यार आमच्या स्वयंपाकघरात, गळ्यात माळ घालून, त्यांना वेडं ठरवत बसला होता. माझ्या मदतीने.

"मग हो म्हण आणि मोकळा हो," आत्या म्हणाली.

"सरांना हो म्हणायचंय का ते कुठं माहितीये?"

"मग नाही म्हण."

"आत्या."

"सरक. मी सांगते त्याला समजावून." तिने एका बोटाने, मिरचीच्या बिया काढून ठेवाव्यात तशा सावकाश, तीन कळा दाबल्या.

*अनोळखी व्यक्ती. असे आणखी दोनदा झाल्यास आजच्या दिवसापुरते कुलूप लागेल.*

"बंद पडलाय की रे," ती म्हणाली.

मी यंत्राला शेवटचा प्रश्न टाकला, शक्य तितका सरांसारखा गंभीर होऊन: *शस्त्रक्रियेबाबत माझं मत काय?*

*ते मी सांगायचे नसते. आपण सांगा. ते आपलेच आहे का, एवढे मी पाहीन.*

घड्याळात तीन वाजून गेले होते. पुसून टाकलं तर मी कायद्याने निर्दोष, आणि निर्णय अभिरामदादाचा. गप्प बसलो तरी तेच. मी जे काही टाईप करीन ते सरांचं. माझ्या दहा बोटांत एका माणसाचा होकार आणि नकार होता, आणि त्या माणसाने मला आयुष्यात एकच गोष्ट शिकवली होती: समोरच्या कागदावर आहे तेवढंच मारायचं, मनाचं घालायचं नाही.

म्हणजे कागद बघायला जायला हवं होतं.

डेस्कटॉप स्कूटरवरून नेण्याचा शास्त्रोक्त मार्ग असा: डबा पुढे पायांत, मॉनिटर आत्याच्या मांडीवर, कीबोर्ड माझ्या सदऱ्यात. "आज स्कूटरलाही सुट्टी आहे," असं आत्याने निघताना नोंदवून ठेवलं आणि बसली. माळ वाऱ्यावर उडत होती. चौकात दोघांनी आमच्याकडे बघून हात जोडले.

इस्पितळाच्या दारावरच्या रखवालदाराने फलक वाचून खात्री केली. बाहेरचं खाणं, नारळ आणि प्राणी आत नेता येत नव्हते. कॉम्प्युटरबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. "पण पूजेचं साहित्य नाही चालायचं," तो म्हणाला. आत्याने माळ काढून त्याच्याच टेबलाला घातली.

सर खिडकीशेजारच्या खाटेवर होते. चेहऱ्याची उजवी बाजू ओघळलेली, डावी नेहमीसारखी कडक. मला बघून त्या डाव्या बाजूने भुवई वर केली. क्लासला उशीर झाला की करायचे तशीच.

शेजारी अभिरामदादा उभा होता. चाळिशी ओलांडलेला, दाढी वाढलेली, तीन आठवडे खुर्चीत झोपलेल्या माणसासारखा सगळीकडून दुमडलेला. त्याने कॉम्प्युटर ओळखला.

"हे क्लासमधलं भंगार. मीच अत्तारांकडे दिलं. इथं कशाला आणलंस?"

"यात सरांचा मुखत्यार आहे."

त्याने डब्यावर हात ठेवला. "घरच्या कॉम्प्युटरवर नव्हता. मला वाटलं त्यांनी केलाच नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बरं झालं नव्हता. हे बघ, पाचात एक जातो. मला बाबा पाहिजेत. नाही बोलले तरी चालेल. मी पुण्याला नेणार आहे, सगळं ठरलंय." तो सरांकडे वळला. "ऑपरेशन नको ना, बाबा? आपण घरी जाऊ."

सरांच्या डाव्या हाताच्या बोटाने खाटेच्या लोखंडी कडेवर वाजवलं. टक टक.

"हे असं चाललंय तीन आठवडे," दादा म्हणाला. "झटके आहेत. त्याचं औषध चालू केलंय, तरी थांबत नाही."

मी त्या बोटाकडे बघितलं.

"दादा, तू सरांच्या क्लासला कधी बसला होतास?"

"मी? नाही. मला नव्हतं ते कारकुनी शिकायचं. त्यावरून आमचं वाजलंय पण."

"एक ठोका म्हणजे बरोबर, पुढे चला. दोन ठोके म्हणजे चूक. खोडा आणि परत मारा." मी सांगितलं. "आम्हाला झोपेत वाजवलं तरी कळतं. त्यांनी आत्ता तुला चूक दिली."

दादाने बापाकडे बघितलं. सरांनी त्याच्याकडे बघत वाजवलं. टक.

दादा खुर्चीत बसला नाही, खुर्ची त्याच्या खाली आली. तीन आठवडे त्याने रोज तोच प्रश्न विचारला असणार आणि रोज त्याला उत्तर मिळालं असणार. वर त्या उत्तरावर औषध.

मी प्लग शोधत होतो. वॉर्डातल्या एकुलत्या मोकळ्या सॉकेटमध्ये डास पळवायचं मशीन होतं. आत्याने ते उपटलं. पंखा खोकला, पडदा उजळला. चार वाजून दहा.

सरांनी डावा हात पुढे केला. त्यांना स्वतः टाईप करायचं होतं. मी कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी एका हाताने, इकडून तिकडे बोटं ओढत, आपलं नाव लिहिलं.

*अनोळखी व्यक्ती. आणखी एकदा असे झाल्यास कुलूप लागेल.*

सर त्या ओळीकडे बघत राहिले. चाळीस वर्षं ज्यांनी गावाला हात दिला, त्यांना त्यांच्याच कॉम्प्युटरने ओळखायला नकार दिला होता. मग त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला आणि बोट खाटेच्या कडेवर ठेवलं.

एवढ्यात सिस्टरबाई आल्या. सलाईन बघितलं, आम्हाला बघितलं, मॉनिटर बघितला. "हे काय लागलंय?" म्हणत त्यांनी स्पिरिटचा बोळा उचलला आणि कॅमेऱ्यावरच्या कुंकवाकडे नेला.

कुंकू पुसलं असतं तर यंत्राला मी दिसलो असतो. चोवीस वर्षांचा, पूर्ण हलणाऱ्या चेहऱ्याचा. तिथेच कुलूप, आणि मला सात वर्षं.

"अहो बाई," आत्या म्हणाली, "नवमीचं कुंकू पुसताय? ऑपरेशन व्हायचंय माणसाचं."

सिस्टरबाईंचा हात थांबला. त्यांनी बोळा कचऱ्यात टाकला आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. विज्ञानावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण त्या दिवशी त्याने काही विशेष केलं नाही.

अभिरामदादाला मात्र सगळं कळलं होतं. तो माझ्या बोटांकडे बघत होता. "म्हणजे टाईप तू करणार," तो हळूच म्हणाला. "आणि हा समजणार की बाबा."

"हो."

"हा गुन्हा आहे."

"हो. सात वर्षं."

"मी बाहेर जाऊन सांगितलं तर ऑपरेशन होत नाही. बाबा जिवंत राहतात."

"हो," मी म्हणालो. तिसऱ्यांदा काही वेगळं सुचेना.

तो गेला नाही. सरांनी ठेका धरला.

मी काय टाईप करायचं ते अजून ठरलं नव्हतं, पण बोटं आपोआप बसली. सर कडेवर वाजवत होते, जुनाच ठेका, मधेच तो उंबऱ्याशी थांबल्यासारखा थांबा. मी त्या ठेक्यावर लिहिलं: *मी मघाशी दिलेली उत्तरं तपासायची आहेत.*

*ओळख पटली. नव्व्याण्णव टक्के.* मघापेक्षा दोन जास्त. ते दोन सरांच्या बोटाचे होते. *आपली विधाने एकेक दाखवतो. मागे घ्यावीत किंवा कायम करावीत.*

आणि मग मला, एका आजारी गुरूसमोर आणि त्याच्या मुलासमोर, माझे विनोद एकेक करून मोठ्याने वाचून दाखवावे लागले. शिक्षा म्हणून हे सात वर्षांच्या जवळपास जातं.

"आपण म्हणालात: माझं नाव पुष्कर ढवण."

टक टक. मी मागे घेतलं. पडद्यावर एकोणचाळीसवरून आकडा किंचित वर गेला.

"आपण म्हणालात: वय चोवीस."

सरांची डावी बाजू हलली. टक टक.

"आपण म्हणालात: आत्याच्या स्वयंपाकघरात, पुरणाची वाट बघतोय."

"कटाची आमटीपण आहे," आत्या म्हणाली. टक टक.

"आपल्या पत्नीचे नाव विचारले असता आपण म्हणालात..." मी थांबलो. सरांच्या बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. क्लासला हजेरी त्याच घ्यायच्या. "सर, मला माहीत नव्हतं तुमचा कॉम्प्युटर आहे. आपण म्हणालात: शोध चालू आहे."

सरांनी डोळे मिटले. दादाने मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं. बोट कडेवर तसंच होतं, आणि बराच वेळ वाजलंच नाही. मग अगदी हळू, टक टक. *खरे नाव टाईप करावे,* असं पडद्यावर आलं, आणि दादा खिडकीकडे बघतच म्हणाला, "मालती." मी लिहिलं.

भानांक छप्पन्न. पाचला पंचवीस मिनिटं होती. दाराशी पथकातला एक डॉक्टर येऊन घड्याळ बघून गेला.

"शेवटचं," मी म्हणालो. "हे मागे घेतलं की साठच्या वर जातो. आपण म्हणालात: बोलल्याशिवाय मला एक दिवस काढता येत नाही. घरचे वैतागलेत."

टक.

मी थांबलो. कदाचित दुसरा ठोका उशिरा येईल. आला नाही.

"सर, हे खोडायचं आहे. हे चूक आहे. तुम्ही तीन आठवडे बोलला नाहीत, म्हणून हा वेडेपणा धरतोय."

टक. आणि भुवई वर.

"सर, हा विनोद होता. माझा होता."

टक.

मी पडद्याकडे बघितलं. *विधान वस्तुस्थितीशी जुळत नाही. कायम ठेवायचे असल्यास कारण द्यावे. कारण न पटल्यास भानांक पुन्हा मोजला जाईल.*

कारण. सरांकडे दोनच शब्द होते, बरोबर आणि चूक, आणि त्यातून वाक्य होत नव्हतं. मला हवं ते कारण मी लिहू शकलो असतो. माझी बोटं ते खपवूनही गेली असती. पण समोरच्या कागदावर ते नव्हतं. मी हात वर धरून बसलो.

"घरचे वैतागलेत," अभिरामदादा म्हणाला. तो सरांकडे बघत होता. "खरंच वैतागायचो आम्ही. जेवताना, झोपताना, फोनवर. आई म्हणायची, या माणसाला देवाने दोन हात दिले ते तोंड पुरेना म्हणून." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "लिही."

"काय?"

"कारण. लिही: म्हणूनच तर ऑपरेशन हवंय."

मी सरांकडे बघितलं. सरांनी मुलाकडे बघितलं. आणि मग कडेवर, क्लासच्या पहिल्या दिवशी वाजवायचे तसा, खणखणीत.

टक.

पुढे त्यांनी ठेका दिला आणि मी त्यावर लिहिलं, चार शब्द, मनाचं एक अक्षर न घालता.

पंखा फिरला. *कारण आपल्या स्वभावाशी जुळते. भानांक शहात्तर. शस्त्रक्रियेस संमती आहे का?*

दादा उठून उभा राहिला. तो आत्ताही दाराबाहेर जाऊ शकत होता, आणि त्याचे पाय तसे वळलेही होते. त्याने बापाच्या हातावर हात ठेवला. बोट मोकळं राहील असा ठेवला.

टक.

मी *होय* लिहिलं.

स्ट्रेचर आलं. सरांना हलवताना त्यांनी माझ्याकडे बघून दोनदा वाजवलं. चूक. मग त्यांचं बोट माझ्या मनगटाकडे गेलं. मी मनगट खाली टेकवून टाईप करत होतो. क्लासमध्ये ते चालायचं नाही. मी मनगट उचललं. टक.

ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं. आम्ही तिघं बाहेर उभे राहिलो. आत्याने पिशवीतून डबा काढला आणि कुणाला भूक आहे का विचारलं. कुणालाच नव्हती, म्हणून तिने सगळ्यांना एकेक पोळी दिली. दादाने ती हातात धरली होती आणि दाराकडे बघत होता.

"एक म्हणजे काय म्हणालास?"

"बरोबर. पुढे चला."

तो दारापाशी गेला. बोट वाकवून त्याने दारावर एकदा वाजवलं.

दार किलकिलं झालं. मघाच्याच सिस्टरबाई, तोंडाला मास्क. "काय आहे?"

"काही नाही," अभिरामदादा म्हणाला. "चालू द्या."